'द डेथ ऑफ स्टालिन': कुठे हसलात आणि कुठे हसू थांबलं?

टेम्सकाठी (धागाकर्ता)

आधीच सांगतो, हे परीक्षण नाही. तेवढा आपला वकूब नाही आणि सिनेमा येऊनही बरीच वर्षं झाली. परवा घरी एकट्याने पुन्हा पाहिला आणि पहिल्यांदा थिएटरात पाहिला ती संध्याकाळ आठवली, म्हणून धागा काढतोय. कथा फोडणार आहे. ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

२०१७ चा ऑक्टोबर. मला लंडनला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आर्मांडो इयानुची हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी कानावर घातलेलं. त्याची 'द थिक ऑफ इट' ही मालिका इकडे लोकांच्या बोलण्यात इतकी मुरलेली की तिच्यातला 'ऑम्निशँबल्स' (आपल्याकडे चौफेर सावळागोंधळ म्हणू) हा शब्द २०१२ साली विरोधी पक्षनेत्याने थेट पार्लमेंटात सरकारला ऐकवला आणि ऑक्सफर्डवाल्यांनी त्याला त्या वर्षाचा शब्द ठरवलं. तेव्हा स्टालिनवरचा सिनेमाही त्याच जातकुळीचा, शिव्यांची आतषबाजी असेल अशा हिशोबाने गेलो.

सुरुवातीचा अर्धा तास नुसता हशा. रेडिओ मॉस्कोवर मोझार्टची मैफल संपते आणि खुद्द स्टालिनचा फोन येतो: रेकॉर्ड पाठवून द्या. रेकॉर्डिंग झालेलंच नसतं! मग दारं बंद करा, उठून चाललेल्या श्रोत्यांना परत बसवा, निसटले त्यांच्या जागी रस्त्यावरची माणसं आणून बसवा (सभागृह रिकामं असलं की आवाज घुमतो ना). कंडक्टर घाबरून कोसळतो, डोकं आपटून बेशुद्ध. मग दुसऱ्याला मध्यरात्री घरून उचलून आणा. त्याच्या इमारतीत त्याच वेळी गुप्त पोलीस लोकांना उचलत असतात. याच्या दारावर थाप पडते. आली आपली पाळी, असं समजून तो बायकोचा निरोप घेतो. आणि आलेले लोक त्याला न्यायला आलेले असतात ते वाद्यवृंदासमोर उभं करायला.

इथे सगळं थिएटर हसलं. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारं जोडपं होतं, आपापसात पोलिश बोलत असावं. आजोबा बाकीच्यांच्या जरा आधीच हसले. थाप पडली तेव्हाच. आम्ही हसलो ते खुलासा झाल्यावर.

आणि हशा कुठे थांबला तेही लख्ख आठवतंय. स्टालिनच्या गुप्त पोलिसांमागचा माणूस बेरिया, त्याचा शेवट. खटला नावाचं काहीतरी एका शेडमध्ये पाच मिनिटांत उरकतात, गोळी घालतात आणि अंगणात पेट्रोल ओतून जाळतात. तोवर या माणसाची आपल्याला किळस आलेली असते. अटकेच्या याद्या वाटणारा, मुलीबाळींना घरी उचलून आणणारा माणूस तो. तरीही कुणी हसलं नाही, 'बरं झालं' असा सुस्काराही ऐकू आला नाही. पॉपकॉर्नची पुडकी तेवढी कुरकुरत होती.

तर प्रश्न साधा आहे. तुम्ही कुठे पाहिलात, शेजारी कोण होतं, आणि कशावर हसलात?


खवचट खारूताई

पहिली! (धाग्यावर. हसण्यात नाही.)

माझा क्षण म्हणजे स्टालिनचा सहकारी ख्रुश्चेव्ह, त्याची विनोदांची वही. रात्री दारू पिऊन घरी येतो आणि साहेब (म्हणजे स्टालिन) कुठल्या विनोदावर हसले, कुठल्यावर गप्प बसले, ते बायकोला सांगून लिहून ठेवतो. सकाळी शुद्धीवर आल्यावर ती वाचून दाखवते. मी हसून हसून सोफ्यावरून खाली.

हसू थांबलं ते पाच मिनिटांनी. माझ्या पहिल्या नोकरीत एक साहेब होते. त्यांच्या केबिनमधून बाहेर येणाऱ्या माणसाला आम्ही फक्त भुवया उडवून विचारायचो, आज कसं आहे हवामान? त्यावर रजेचा अर्ज पुढे करायचा की खिशात ठेवायचा ते ठरायचं. आमची वही नव्हती इतकंच. तिथे जीव जात नव्हता, इन्क्रिमेंट जायचं. तरी ओळख पटली हो.


पुस्तकी किडा

छान धागा. काही दुरुस्त्या, सवयीप्रमाणे.

सिनेमा निखळ ब्रिटिश नाही. मूळ फाबिएन न्युरी आणि तिएरी रोबँ या फ्रेंच जोडीची चित्रकादंबरी, आणि निर्मितीतही फ्रेंच-बेल्जियन वाटा आहे. आता इतिहास. स्टालिनला झटका आला १ मार्च १९५३ ला, मृत्यू ५ मार्चला. बेरियाला पकडलं २६ जूनला आणि गोळी घातली २३ डिसेंबरला. सिनेमात हे सगळं अंत्यविधीचे हार सुकायच्या आत उरकलंय. मोलोतोव्ह त्या मार्चच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री नव्हता, १९४९ मध्येच त्याचं खातं काढून घेतलं होतं. बेरियाही तेव्हा गुप्त पोलिसांचा औपचारिक प्रमुख नव्हता. अंत्यदर्शनाला आलेल्या गर्दीवर सिनेमात गोळीबार होतो. प्रत्यक्षात माणसं मेली ती त्रुब्नाया चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत. रिचर्ड ओव्हरी या इतिहासकाराने तेव्हाच 'गार्डियन'मध्ये अशा चुका मोजून दाखवल्या होत्या.

त्या मैफलीतली पियानोवादक मारिया युदिना, तिची गोष्ट तर संगीतकार शोस्ताकोविचच्या म्हणून १९७९ साली छापलेल्या आठवणींतली, आणि त्या आठवणींच्या अस्सलपणावर तेव्हापासून वाद चालू आहे. त्या गोष्टीत ती बाई स्टालिनला लिहिते, मी तुमच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करीन, देव तुमची पापं पोटात घालो. सिनेमात रेकॉर्डसोबत जाणारी तिची चिठ्ठी सरळ शिव्याशाप देणारी झाली आहे. माझ्या मते मूळ गोष्ट जास्त भयंकर आहे. शिवी काय, कुणीही देईल. त्या माणसाला उद्देशून 'पापं' हा शब्द लिहायचा आणि वर क्षमेची प्रार्थना करायची, याला वेगळंच काळीज लागतं.

मी कुठे हसलो? डॉक्टरांच्या प्रसंगात. आणि तो भाग पायापुरता खरा आहे. जानेवारी १९५३ मध्ये 'डॉक्टरांचा कट' म्हणून वृत्तपत्रांत गाजावाजा झाला आणि क्रेमलिनचे नावाजलेले डॉक्टर, बहुतेक ज्यू, तुरुंगात पडले. दोन महिन्यांनी पेशंट पडला तेव्हा बोलवायचं कुणाला?


टेम्सकाठी

किडेराव, दुरुस्त्या शिरसावंद्य. पण चुका अजाणता झालेल्या नाहीत, नऊ-दहा महिने एका आठवड्यात कोंबलेत. आणि एक ठिकाण असं की खरं दाखवलं असतं तर लोकांना खोटं वाटलं असतं: महायुद्ध गाजवलेल्या मार्शल झुकोव्हची पदकं. सिनेमात जेसन आयझॅक्सच्या छातीवर जेवढी आहेत त्याहून खऱ्या झुकोव्हच्या छातीवर जास्त असायची. ती कमी करावी लागली.


रंकाळ्यावरून

झुकोव्हचा विषय निघाला म्हणून आलो, नाहीतर मी रोमात (नुसता वाचत) बरा.

तो अंगरखा खांद्यावरून झटकून आत येतो ती एंट्री बघून आमच्या हॉस्टेलात शिट्ट्या पडल्या होत्या. आणि बोलतो कसा? यॉर्कशायरचा रांगडा हेल. मला इंग्लंडातलं काय कळतंय, पण हा गडी गावाकडचा आहे आणि कुणाच्या बापाला भीत नाही एवढं पहिल्या वाक्यात कळलं. मराठीत केला तर हा झुकोव्ह आमच्या तालमीतलाच घ्यायला लागणार. "काय रं, कुनाचं मढं झाकून बसलाय हितं?"


वऱ्हाडी ठेचा

अन् ख्रुश्चेव्ह आमच्याकडचा पाहिजे बे. गोल पोट, हसरं थोबाड, साऱ्याइले वाट्टे हा तर भोळा मानूस हाय. अन् शेवटी खुर्चीवर कोन बसलं? थोच!


खवचट खारूताई

मग बेरिया सदाशिव पेठेतला का? मृदू आवाज, शुद्ध उच्चार, चष्मा पुसत पुसत यादी वाचणार.

(पळते.)


टेम्सकाठी

हाहा. पण गंमत बाजूला, हा उच्चारांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इयानुचीने नटांना खोटा रशियन हेल काढू दिला नाही. स्टालिन लंडनच्या पूर्व भागातल्या टपोरीसारखा बोलतो, बुशेमीचा ख्रुश्चेव्ह न्यूयॉर्कचा, पेलिनचा मोलोतोव्ह शाळामास्तरासारखा. पहिल्यांदा विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, ही खरी माणसंही काही एका साच्यातली नव्हती. स्टालिन आणि बेरिया जॉर्जियाचे, मिकोयान आर्मेनियाचा, कागानोविच कीव्हजवळचा. स्टालिनच्या रशियन बोलण्यातला जॉर्जियन हेल शेवटपर्यंत गेला नव्हता. म्हणजे क्रेमलिनच्या त्या टेबलाभोवती ऐकू येत असेल ती अशीच खिचडी. रशियन हेल काढला असता तर 'तिकडच्या लोकांचं तिकडे' म्हणून प्रेक्षक सुटला असता. गल्लीतल्या माणसाच्या तोंडी घातलं की पळवाट राहत नाही.


मॉस्को रिटर्न

मी २०१६ ते २०१९ मॉस्कोत होतो, औषधांच्या धंद्यात. बंदीच्या वेळचं डोळ्यांदेखतचं सांगतो.

सिनेमा २५ जानेवारी २०१८ ला लागणार होता. २३ तारखेला सांस्कृतिक मंत्रालयाने परवाना मागे घेतला. मंत्री मेदिन्स्की यांचं म्हणणं असं की आमच्याकडे सेन्सॉरशिप नाही, पण इतिहासाची चिकित्सा वेगळी आणि टिंगल वेगळी. त्याआधी काही नामवंतांनी मंत्रालयाला पत्र लिहिलं होतं, सह्या करणाऱ्यांत दिग्दर्शक निकिता मिखालकोव्हसुद्धा. राग कशाकशाचा? राष्ट्रगीताचा, पदकांचा, झुकोव्हला असा दाखवल्याचा. आणि मुहूर्ताचा. २ फेब्रुवारीला स्टालिनग्राडच्या विजयाला ७५ वर्षं पूर्ण होत होती.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात याच मंत्रालयाने 'पॅडिंग्टन २' या अस्वलाच्या सिनेमाचं प्रदर्शनही ऐनवेळी अडवलं होतं. पोराबाळांचे आईबाप इतके भडकले की दोन दिवसांत माघार. आमच्या ऑफिसात म्हणायचे, अस्वलाच्या मागे जनता उभी राहिली, स्टालिनच्या मागे सरकार.

कुतुझोव्स्की प्रॉस्पेक्टवरच्या 'पायोनिअर' थिएटरने तरीही २५ ला खेळ लावले. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात, खेळ बंद, पुढे दंड. माझं तिकीट त्या शनिवारचं होतं, म्हणजे गेलंच. त्याच रस्त्यावर ब्रेझनेव्ह राहायचा, पुढे ख्रुश्चेव्हची खुर्ची घेतलेला. सिनेमाचा शेवट आठवतोय ना? ख्रुश्चेव्ह मैफलीला ऐटीत बसलाय आणि मागच्या रांगेतून एक जाड भुवयांचा माणूस त्याच्या मानेकडे बघतोय.

पुढे जे व्हायचं तेच झालं. आठवडाभरात ऑफिसात प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हवर सिनेमा. तरुण पोरं 'ठीक आहे' म्हणाली. इतक्या बोंबा कशासाठी मारल्या ते कळलं नाही म्हणाली. आमची हिशेबनीस बाई साठीची. तिने अर्ध्यात बंद केला. चिडून नाही. म्हणाली, यात नवीन काय, हे विनोद आमच्या स्वयंपाकघरात याहून बरे सांगितले जायचे. आणि मग तिने तो जुना विनोद सांगितला: बेलोमोर कालवा कुणी खणला? एक काठ विनोद सांगणाऱ्यांनी आणि दुसरा ऐकणाऱ्यांनी. (त्या कालव्यावर कैदी राबले होते, आणि नुसत्या विनोदापायी छावणीत गेलेले लोक त्या काळात खरोखर होते.) मी हसलो. तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, माझे आजोबा ऐकणाऱ्यांत होते.

त्यानंतर चहा गार होईपर्यंत मी काही बोललो नाही.


गिरणगावची लेक

सगळे हसताय तर एक न हसणारा प्रतिसादही घ्या.

मी लालबागची. आमच्या खोलीत गणपतीच्या कोनाड्याशेजारी स्टालिनचा फोटो होता, आजोबांनी लावलेला. आजोबा गिरणीत, लाल बावट्याचे. वडीलही तेच, ८२ च्या संपात गिरणी सुटली तोवर. अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा आमच्याकडे अंगाईसारखा म्हटला जायचा, असं म्हटलं तर जरा जास्तच होईल, पण चाळीतल्या प्रत्येक मुलाला चार ओळी यायच्या. हिटलरला अडवला तो त्या शहरात, त्या माणसाच्या राज्यात, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. आणि ते खोटं नाही.

छावण्या, याद्या, उपासमार, हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. नाकारत नाही. पण लंडनच्या थिएटरात लोक पॉपकॉर्न खात त्यावर हसले, हे वाचून पोटात गोळा आला. ज्या साम्राज्याने बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मरू दिली, त्याचे नातू दुसऱ्यांच्या मेलेल्यांवर विनोद करणार? करा ना सिनेमा '१९४३: चर्चिलची सिगार'. बघू किती हसतात.


टेम्सकाठी

ताई, तुमचा मुद्दा मला टोचला आणि तो टोचायलाच हवा. एक मात्र सांगतो. याच दिग्दर्शकाचा 'इन द लूप' (२००९) पाहा. इराकच्या युद्धाआधी लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये कागद कसे तयार केले गेले, त्यावर बेतलेला. तिथे मंत्री मठ्ठ, सल्लागार गुंड, आणि युद्ध होतं ते कुणालाच 'नाही' म्हणायची सवय नसल्यामुळे. तिथेही इकडचं थिएटर हसलं, आणि तिथे मारलेली थोबाडीत त्यांच्याच गालावर होती. चर्चिलवर मात्र त्याने नाही केला. ते मान्य.


पुस्तकी किडा

गिरणगावच्या ताईंच्या प्रतिसादाला पुस्ती. स्टालिन गेला तेव्हा आपल्या संसदेत नेहरूंनी श्रद्धांजली वाहिली होती. आणि सिनेमातले बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह १९५५ च्या हिवाळ्यात भारतभर फिरले, मुंबईतही आले. 'हिंदी-रूसी भाई भाई' तेव्हाचं. त्या हारतुऱ्यांतल्या हसऱ्या फोटोंत आपल्या लोकांना दोन प्रेमळ काका दिसले. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी काय उरकलं होतं याची कुणाला कल्पना असणार? आणि इथून परत गेल्यावर दोन महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९५६ ला, त्यातल्याच एका काकांनी, ख्रुश्चेव्हने, बंद दाराआड स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला.


नाटकवेडा

रशियन लोक कसे हो एवढे हळवे, असा सूर वर दिसला म्हणून लिहितो. आपणही फार लांब नाही.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ चा, पुण्यात. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच बंद केलं, कारण नाना फडणवीस असा दाखवला म्हणून गदारोळ. मग मुलांनी बाहेर पडून नवी संस्था काढली आणि १९७४ मध्ये पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये युरोपला निघाले तर पुन्हा विरोध: परदेशात आपली अब्रू जाईल. मेदिन्स्की काय वेगळं म्हणाला? तेंडुलकर म्हणत होते हे नाटक इतिहास नाही, आणि लोक विचारत होते, मग नाव नानाचं कशाला घेतलंत?

हाच प्रश्न इयानुचीला लागू आहे. नावं बदलून 'कुठल्याशा देशातला हुकूमशहा' केला असता तर बंदी आली नसती. आणि कुणाला आठवलाही नसता.


वऱ्हाडी ठेचा

पन नाना फडणवीसाचा अन् स्टालिनचा हिसाब एका वहीत कसा लिवता भाऊ? काहीबी.


नाटकवेडा

माणसांची तुलना केलेली नाही, प्रेक्षकांची केली आहे. नीट वाचा.


वऱ्हाडी ठेचा

वाचलं. दोनदा वाचलं. प्रेक्षकाची तुलना केली का मानूस आपोआप येते, हे तुमाले समजून ऱ्हायलं नाही.


खवचट खारूताई

धाग्याचा चेंगराचेंगरीचा प्रसंग सुरू झालाय. मी बाल्कनीत जाऊन उभी राहते, सिनेमात स्टालिनच्या जागी बसलेल्या मालेनकोव्हसारखी. कुणीतरी एक लहान मुलगी शोधून आणा फोटोसाठी.


रंकाळ्यावरून

तुमचं भांडण चालू द्या, मला एक विचारायचंय. ती स्वेतलाना, स्टालिनची मुलगी. तिला शेवटी व्हिएन्नाला धाडतात. पुढं काय झालं तिचं?


पुस्तकी किडा

व्हिएन्ना ही सिनेमाची कल्पना. खरी गोष्ट आपल्या दारातून गेली आहे! तिचं ब्रजेश सिंह या भारतीय कम्युनिस्टावर प्रेम होतं. उत्तर प्रदेशातल्या काळाकांकरच्या राजघराण्यातला माणूस. सोव्हिएत सरकारने लग्नाला परवानगी दिली नाही. १९६६ मध्ये ते मॉस्कोत वारले आणि त्यांच्या अस्थी गंगेत सोडायला म्हणून तिला भारतात येऊ दिलं. अस्थी सोडल्या, काही आठवडे काळाकांकरला राहिली, आणि ६ मार्च १९६७ ला दिल्लीत टॅक्सी करून सरळ अमेरिकन वकिलातीत शिरली. बापाच्या चौदाव्या पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी.


रंकाळ्यावरून

आयला. ह्याच्यावर सिनेमा काढा की कुणीतरी.


मॉस्को रिटर्न

भांडण शांत झालं असेल तर मोलोतोव्हबद्दल कुणीतरी बोला. वर सगळे बेरिया आणि ख्रुश्चेव्हवर अडकलेत. मला सिनेमातला सगळ्यात भयानक माणूस मायकेल पेलिनचा मोलोतोव्ह वाटला. एवढा गोड, सभ्य, पाय पुसून आत येणारा. बायको पोलिना छावणीत आहे, आणि हा ख्रुश्चेव्हसमोर तिला गद्दार म्हणतोय, मनापासून. तेवढ्यात बेरिया तिला जिवंत आणून दारात उभी करतो. पेलिनचा चेहरा बघा तिथे. आनंद व्हायला हवा, पण आधी परवानगी हवी.

आणि हे बऱ्यापैकी खरं आहे. १९४८ च्या शेवटी तिला पक्षातून काढायच्या ठरावावर मोलोतोव्ह तटस्थ राहिला, आणि नंतर त्या तटस्थपणाबद्दल त्याने लेखी माफी मागितली. तिला उचललं. स्टालिन गेल्यावर पाच दिवसांत ती सुटली. सुटून आली तरी ती मरेपर्यंत स्टालिनची भक्तच राहिली.


खवचट खारूताई

यावर माझ्याकडे खवचट काही नाही. नोंद घ्यावी.


गिरणगावची लेक

चार दिवसांनी येतेय. तुमच्यावर रागावले होते, पण पाहिल्याशिवाय बोलणं बरं नाही म्हणून रविवारी सिनेमा लावला. बाबांसोबत. बाबा आता ऐंशीच्या घरात. त्यांना इंग्रजी येत नाही, तर मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. शिव्या गाळत होते. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "त्यानं शिवी दिली ना आत्ता? मग सांग की. गिरणीत काय मी अभंग ऐकत होतो?" मग सांगितल्या. इतक्या शिव्या मी बापासमोर आयुष्यात उच्चारल्या नव्हत्या.

स्टालिन लघवीच्या थारोळ्यात पडलेला असतो आणि सगळे आपले गुडघे वाचवत त्याच्याभोवती बसतात, तिथे बाबा हसले नाहीत. मला बंद करायला लावतील असं वाटलं. पाणी मागितलं, एवढंच.

पहिल्यांदा हसले ते कमिटीच्या बैठकीत. ठराव मांडतात, कुणाचा हात आधी वर जातोय ते प्रत्येकजण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, आणि मग हळूहळू सगळे हात वर. बाबा इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "आमच्या शाखेची मीटिंग! असंच! ठराव एकमताने मंजूर, आणि बाहेर टपरीवर आल्यावर प्रत्येकजण म्हणणार, मला काही पटलं नव्हतं हां." मग नावं घेऊन सांगायला लागले, कोण हात अर्धाच वर करायचा, म्हणजे इकडेही मोजता येईल आणि तिकडेही. सिनेमा वीस मिनिटं थांबवून ठेवला होता. यातली निम्मी माणसं मी लहानपणी काका म्हणून पाहिलेली. मलाही हसू आवरेना.

पोलिनाच्या प्रसंगात गप्प झाले. मला परत मागे घ्यायला लावलं. मी सांगितलं, ही त्याची बायको, हिला त्यांनीच तुरुंगात टाकलं होतं. "आणि तो काय म्हणतोय?" गद्दार म्हणतोय. "बायको समोर असताना?" हो. बाबा म्हणाले, "आई असती तर तिने हा फोटो त्याच दिवशी उतरवला असता." आई म्हणजे माझी आजी. तिला तो फोटो कधीच आवडला नव्हता, हे मला परवा पहिल्यांदा कळलं. मिशा बघून पोरं घाबरतात, असं ती म्हणायची म्हणे.

शेवट पूर्ण पाहिला. बेरियाला जाळतात तिथे मी त्यांच्याकडे पाहिलं, ते पडद्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते.

चाळ पाडली तेव्हा फोटो माळ्यावर गेला होता, नव्या घराच्या. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, काढून दे जरा. काढला. काच त्यांनी स्वतः धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली. मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मी विचारलं, लावायचा का कुठे? म्हणाले, नको. टाकून देऊ? तर माझ्याकडे असे बघितले की विचारू नका.

परत माळ्यावर ठेवलाय. या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून.